प्रायमरी लांबली, तर पक्ष हरतो का?

२००८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्यांची झोप उडाली होती. रिपब्लिकन पक्षाने आपला घोळ संपवला होता. ४ मार्चला जॉन मॅकेन यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पक्की झाली आणि ते निवांतपणे नोव्हेंबरच्या तयारीला लागले. इकडे बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात जुंपली होती आणि माघार घ्यायला दोघेही तयार नव्हते. रात्री तीन वाजता व्हाइट हाउसमध्ये संकटाचा फोन वाजला तर तो कोणी उचलावा, अशी जाहिरात काढून हिलरींनी ओबामांच्या अनुभवावरच बोट ठेवले. ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या जहाल प्रवचनांच्या चित्रफिती वाहिन्यांवर दिवसरात्र फिरू लागल्या. बोस्नियात आपण गोळीबारातून उतरलो, हा हिलरींचा किस्सा जुन्या चित्रीकरणाने खोटा पाडला. अखेर व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही यांनी हिलरींनी आता थांबावे, असे उघडपणे सांगून टाकले. आपसातच एवढे रक्त सांडले तर मॅकेन यांच्याशी लढायला उरणार काय, ही भीती तेव्हा जवळजवळ प्रत्येक लेखात आणि चर्चेत होती.

पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. ओबामा ३६५ विरुद्ध १७३ इतक्या इलेक्टोरल मतांनी, म्हणजे राज्ये जिंकून मिळणाऱ्या मतांनी, जिंकले. म्हणून लांबलेली प्रायमरी पक्षाला तारते, असा निष्कर्ष काहींनी लगेच काढला. तोही तितकाच घाईचा होता.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू, कारण आपल्याकडे तिच्यासारखे काही नाही. आपल्याकडे तिकीट वाटते हायकमांड. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, यादी जाहीर होते, एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला हे शेवटच्या दिवशी कळते. अमेरिकेत उमेदवार ठरवतात पक्षाचे सामान्य मतदार. राष्ट्राध्यक्षपदासाठी जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेक राज्य आपापल्या तारखेला मतदान घेते. काही राज्यांत फक्त त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येते, काही ठिकाणी ते कोणालाही देता येते. प्रत्येक राज्यातून डेलिगेट म्हणजे प्रतिनिधी निवडले जातात आणि ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट, त्याला उन्हाळ्यातल्या अधिवेशनात उमेदवारी मिळते.

ही पद्धत तिथेही फार जुनी नाही. प्रायमरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत्या, पण १९६८ पर्यंत खरा निर्णय पुढारीच करत. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलीस आणि व्हिएतनाम युद्धाचे विरोधक यांच्यात रस्त्यावर चकमकी झाल्या आणि नोव्हेंबरात हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून थोडक्यात हरले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि निवडीचा हक्क मतदारांकडे गेला.

लढत लांबते ती बऱ्याचदा नेत्यांच्या हट्टापेक्षा गणितामुळे. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात. १५ टक्क्यांच्या वर मते घेणाऱ्या प्रत्येकाला त्याचा वाटा मिळतो. त्यामुळे एखादे राज्य मोठ्या फरकाने जिंकले तरी समोरचा रिकाम्या हाताने जात नाही. २००८ मध्ये टेक्सासच्या प्रायमरीत हिलरींना जास्त मते पडली, पण त्या राज्यात मतदानानंतर कॉकस नावाच्या बैठकाही होत असत. त्या धरून हिशेब केला तेव्हा जास्त डेलिगेट ओबामांच्या पदरात पडले होते! फेब्रुवारीत ओबामांनी सलग अकरा ठिकाणी विजय मिळवून जी आघाडी घेतली, ती हिलरींना पुढे ओहायो आणि पेन्सिल्व्हेनिया जिंकूनही भरून काढता आली नाही, आणि ओबामांनाही त्यांना निकालात काढता आले नाही. रिपब्लिकन पक्षात मात्र अनेक राज्ये जिंकेल त्याला सगळे डेलिगेट देतात. तिथे आघाडीवरचा उमेदवार झपाट्याने सुटतो. मॅकेन सुटले ते याच नियमामुळे. पक्ष त्यांच्यामागे एकदिलाने उभा होता, असे मुळीच नव्हते.

आता नुकसान नेमके कसे होते ते पाहू. पहिली गोष्ट उघड आहे. समोरच्या पक्षाला आयता दारूगोळा मिळतो. विरोधकाने केलेला आरोप लोक अर्ध्या कानाने ऐकतात, पण स्वपक्षातल्याने केलेला आरोप चिकटतो. दुसरा प्रश्न पैशाचा आणि वेळेचा. प्रतिस्पर्धी नोव्हेंबरची बांधणी करत असताना तुम्ही एप्रिलमध्ये स्वकीयांवर जाहिराती खर्च करत असता. तिसरी आणि सर्वांत खोल जखम हरलेल्याच्या समर्थकांची. त्यातले काही घरी बसतात, काही थेट पलीकडे मत देतात. २०१६ च्या प्रायमरीत हिलरींविरुद्ध लढलेल्या बर्नी सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी साधारण १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरात डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिल्याचे एका मोठ्या पाहणीत दिसले. हिलरी त्या वर्षी विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेन्सिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून ८० हजारांहूनही कमी मतांनी हरल्या. त्यामुळे सँडर्स यांच्या माणसांनीच पाडले, हा आरोप आजही ऐकू येतो.

पण २००८ मध्ये हिलरींच्या समर्थकांपैकी मॅकेन यांच्याकडे गेलेल्यांचे प्रमाण याहून जास्त होते. ओबामा तरीही आरामात जिंकले. म्हणजे फुटलेल्यांचा टक्का एकट्याने फारसे काही सांगत नाही. प्रायमरीत मत देणारे सगळेच पक्षाचे पक्के नसतात. काही जण मुळात दुसऱ्या पक्षाकडे झुकलेले असतात आणि ते नोव्हेंबरात आपल्या जागी परत जातात. पाडापाडीचा शिक्का त्यांच्यावर मारण्यात फारसा अर्थ नाही.

आता फायद्याची बाजू, आणि ती मला जास्त रोचक वाटते. इंडियाना हे राज्य घ्या. तिथली प्रायमरी मे महिन्यात असते. तोवर निकाल लागलेला असतो म्हणून एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. नोव्हेंबरातही डेमोक्रॅट तिथे वेळ घालवत नसत, कारण १९६४ नंतर ते राज्य त्यांना कधी मिळालेच नव्हते. २००४ मध्ये जॉन केरी तिथे २० हून जास्त टक्क्यांनी हरले होते. पण २००८ मध्ये लढत मेपर्यंत ताणली गेली, म्हणून ओबामा आणि हिलरी दोघांनाही तिथे कचेऱ्या उघडाव्या लागल्या, कार्यकर्ते शोधावे लागले, नवे मतदार नोंदवावे लागले. ६ मेच्या त्या प्रायमरीत हिलरी सुमारे १४ हजार मतांनी जिंकल्या. सहा महिन्यांनी ओबामांनी ते राज्य सुमारे २८ हजार मतांनी जिंकले. त्याच दिवशी प्रायमरी झालेले नॉर्थ कॅरोलायना त्यांनी नोव्हेंबरात सुमारे १४ हजार मतांनी घेतले. तेही राज्य डेमोक्रॅटांना १९७६ नंतर मिळाले नव्हते. वसंत ऋतूत ज्या याद्या, फोन नंबर आणि ईमेल जमा झाले, तेच शरद ऋतूत कामाला आले.

पेन्सिल्व्हेनियाची गोष्टही अशीच. तिथे प्रायमरीत मत द्यायचे तर पक्षाकडे नाव नोंदवलेले लागते. मिसिसिपीचे मतदान ११ मार्चला आणि पेन्सिल्व्हेनियाचे २२ एप्रिलला होते. मधल्या सहा आठवड्यांत दुसरे काहीच नव्हते. दोन्ही प्रचारयंत्रणा त्या एका राज्यात मुक्काम ठोकून बसल्या. नोंदणीची मुदत संपली तेव्हा तिथल्या नोंदणीकृत डेमोक्रॅटांची संख्या पहिल्यांदाच ४० लाखांवर गेली होती.

राइट प्रकरणाचेही तसेच. पाद्रीबुवांच्या चित्रफिती ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बाहेर आल्या असत्या तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. त्या आल्या मार्चमध्ये. ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात वंशभेदावर भाषण केले, आठवडेच्या आठवडे चर्चा झाली, लोकांना विषयाचा कंटाळा आला आणि नोव्हेंबरपर्यंत त्याला बुरशी लागली. मॅकेन यांच्या प्रचाराने तो विषय मोठ्या प्रमाणावर वापरलाही नाही.

हे सगळे खरे असले तरी जपून बोलायला हवे. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, आर्थिक संकट आले, मावळते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश कमालीचे अप्रिय होते. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाने कोणालाही उभे केले असते तरी पारडे त्यांच्याकडेच झुकले असते. इंडियाना मिळाले ते बहुधा प्रायमरीतल्या बांधणीमुळे, पण अध्यक्षपद त्यामुळे मिळाले असे म्हणता येणार नाही.

इथे या प्रश्नातला खरा सापळा आहे. लांबलेली प्रायमरी पक्षाला हरवते असे सांगणारे लोक हमखास चार उदाहरणे देतात: १९६८, १९७६, १९८० आणि १९९२. चारही वेळा सत्तेत असलेल्या राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्याच पक्षातून आव्हान मिळाले आणि चारही वेळा पक्षाने सत्ता गमावली. उलट १९७२, १९८४, १९९६, २००४ आणि २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षाला पक्षातून दखल घेण्याजोगे आव्हान नव्हते आणि तो जिंकला. आकडे बघून पटकन वाटते, सिद्ध झाले!

पण १९८० कडे नीट बघा. जिमी कार्टर यांच्याविरुद्ध टेड केनेडी उतरले १९७९ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच, म्हणजे उन्हाळ्यात, कार्टर यांची लोकप्रियता ३० टक्क्यांच्या आसपास घसरली होती. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या, महागाई भडकत चालली होती. केनेडी उतरले ते कार्टर बुडताना दिसत होते म्हणून. ताप आला म्हणून माणूस आजारी पडत नाही, आजारी असतो म्हणून ताप येतो. १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड यांचेही तेच. ते ना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते ना उपराष्ट्राध्यक्ष म्हणून, वर त्यांनी निक्सन यांना माफी देऊन लोकांचा रोष ओढवून घेतला होता. म्हणून रोनाल्ड रेगन यांना त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याची हिंमत झाली. अधिवेशनात फोर्ड यांना ११८७ आणि रेगन यांना १०७० मते पडली, इतकी ती लढत अटीतटीची होती. उन्हाळ्यात फोर्ड जिमी कार्टर यांच्या ३० टक्क्यांहून जास्त मागे होते, शेवटी हरले दोन टक्क्यांनी. दुभंगलेल्या पक्षाच्या उमेदवाराने एवढी मजल मारणे हेही काही कमी नाही. आणि २०२० मध्ये ट्रम्प यांना पक्षातून आव्हान नसल्यातच जमा होते, तरी ते हरलेच.

तेव्हा अध्यक्षपदाच्या पातळीवर माझे मत असे आहे: लांबी स्वतः फार काही बिघडवत नाही. पक्षात आधीच असलेली फूट ती दाखवते. काही अभ्यासकांनी राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता आणि अर्थव्यवस्था यांचा हिशेब वजा करून पाहिला, तेव्हा प्रायमरीच्या कडवटपणाचा परिणाम बराचसा विरघळून गेला.

खालच्या पातळीवर मात्र चित्र वेगळे दिसते, आणि याकडे फारसे लक्ष जात नाही. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा अशा काही राज्यांत प्रायमरीत कोणालाच ५० टक्के मिळाले नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. अलेक्झांडर फुइर्नेज आणि अँड्र्यू हॉल या दोन संशोधकांनी याच नियमाचा उपयोग केला. एका ठिकाणी पहिला उमेदवार ५० टक्क्यांच्या किंचित वर गेला आणि लढत संपली, दुसऱ्या ठिकाणी तो किंचित खाली राहिला आणि लढत काही आठवडे लांबली. बाकी परिस्थिती साधारण सारखी. त्यामुळे फरक पडला तर तो लांबण्यामुळेच, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या जागांसाठी ही दुसरी फेरी ज्या पक्षात झाली, त्याला नोव्हेंबरात ६ ते ९ टक्के मतांचा फटका बसल्याचे त्यांना आढळले. राज्यांच्या विधिमंडळांत असा फटका दिसला नाही.

माझा अंदाज असा. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला सगळा देश ओळखतो. लोकांचे मत प्रायमरीतल्या चिखलफेकीवर ठरत नाही आणि जखम भरायला जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पाच महिने असतात. काँग्रेसच्या उमेदवाराबद्दल बहुतेकांना काहीच माहीत नसते. त्याची पहिली ओळख स्वपक्षातल्या प्रतिस्पर्ध्याने केलेल्या जाहिरातीतून झाली, तर ती पुसायला त्याच्याकडे पैसाही नसतो आणि वेळही. राज्याच्या विधिमंडळाच्या लढती इतक्या छोट्या असतात की त्यात चिखलफेक करायलाही कोणाकडे पैसे नसतात.

काही मतदारसंघांत तर हा प्रश्नच गैरलागू ठरतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि स्वतःच्या खिशातले सुमारे एक कोटी डॉलर ओतूनही तिसरे आले. त्या तिरंगी लढतीने पक्षाचे काही बिघडले नाही. विजेत्या ग्रेचेन व्हिटमर नोव्हेंबरात आरामात गव्हर्नर झाल्या. २०२२ मध्ये ठाणेदार काँग्रेसच्या डेट्रॉइटमधल्या जागेसाठी उभे राहिले. प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ते २८ टक्क्यांवर जिंकले, म्हणजे दहातल्या सात जणांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते. नोव्हेंबरात त्यांना ७१ टक्के मिळाले. मतदारसंघ एवढा एकतर्फी असला की प्रायमरी हीच निवडणूक असते.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक गोष्ट खटकेल. हरलेला उमेदवार बंडखोरी का करत नाही? महाराष्ट्रात तिकीट कापले की अपक्ष अर्ज तयारच असतो, मग अर्ज मागे घ्यायच्या दिवसापर्यंत मनधरणी चालते. अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या कायद्यानेच प्रायमरी हरलेल्याला त्याच पदासाठी अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाकडून छापील मतपत्रिकेवर येता येत नाही. बंडखोरीची सोयच काढून घेतली आहे. जिथे फट उरते तिथे काय होते तेही बघण्यासारखे आहे. कनेटिकटमध्ये जो लिबरमन २००६ ची प्रायमरी नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, अपक्ष उभे राहिले आणि सिनेटर झाले. २०१० मध्ये अलास्काच्या लिसा मुरकोवस्की यांचे नाव मतपत्रिकेवर छापता येत नव्हते, तर मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना निवडून दिले. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी तर वेगळा पक्षच काढला आणि त्यामुळे विद्यमान राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना फक्त यूटा आणि व्हरमाँट ही दोन राज्ये मिळाली. कडवी लढत पक्षाला खरोखर बुडवते ती अशी, हरलेला निघून जातो तेव्हा.

२००८ मध्ये हिलरी गेल्या नाहीत. ७ जूनला त्यांनी माघार घेतली, महिनाअखेरीस न्यू हॅम्पशरमधल्या युनिटी नावाच्या गावात ओबामांबरोबर सभा घेतली. त्या गावाने प्रायमरीत दोघांना प्रत्येकी १०७ मते दिली होती, प्रचारवाल्यांनी जागा शोधून काढली होती हे उघड आहे. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा मोजणी थांबवून ओबामांची एकमताने निवड करा, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. १९८० मध्ये केनेडी व्यासपीठावर आले खरे, पण हात उंचावून एकजुटीचा फोटो काढू देण्याचे त्यांनी टाळले आणि तेच चित्र घरोघरी दिसले.

आपल्या देशातही प्रायमरीचा एक छोटा प्रयोग झाला आहे. २०१४ च्या लोकसभेसाठी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने पंधरा-सोळा मतदारसंघांत तो केला. त्यात आपल्याकडचे वर्धा आणि लातूरही होते. मत द्यायचा हक्क पदाधिकाऱ्यांपुरताच होता आणि वर्ध्यात जिंकले ते विद्यमान खासदारांचे चिरंजीव. निवडणुकीत दोन्ही जागा भाजपकडे गेल्या, पण त्या लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात दोनच जागा मिळाल्या होत्या. दोष प्रयोगाला देण्याचे कारण नाही, श्रेयही नाही.

उलटी परीक्षा २०२४ ने घेतली. जो बायडन यांना पक्षात कोणी गंभीरपणे आव्हान दिले नाही. प्रायमरी नावापुरती झाली. २७ जूनच्या वादसभेत त्यांची अवस्था सगळ्या देशाने पाहिली आणि २१ जुलैला ते बाजूला झाले. कमला हॅरिस त्या वर्षी एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाल्या आणि हरल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बायडन यांना चार-पाच वादसभांना सामोरे जावे लागले असते, तर जुलैत जे कळले ते तेव्हाच कळले असते, एवढे तरी म्हणता येते. त्याच वर्षी ट्रम्प यांच्याविरुद्ध निकी हेली ६ मार्चपर्यंत लढल्या. त्या बाहेर पडल्यावर दोन महिन्यांनी इंडियानाच्या रिपब्लिकन प्रायमरीत पाचातल्या एकाहून जास्त मतदारांनी तरीही त्यांनाच मत दिले. नोव्हेंबरात ट्रम्प यांनी इंडियाना सहज जिंकले.

२०२८ मध्ये दोन्ही पक्षांत मैदान मोकळे असेल, कारण ट्रम्प यांना घटनेनुसार पुन्हा निवडून येता येत नाही. असे याआधी २०१६ मध्ये झाले होते आणि त्याआधी २००८ मध्ये. २००८ मध्ये आधी उमेदवार ठरवून मोकळा झालेला पक्ष हरला, २०१६ मध्ये आधी उमेदवार ठरवून मोकळा झालेला पक्ष जिंकला.